देखाव्यातली लाइटशिप : कामाच्या नोंदी (बडोदे, २०२४)

२ जून, रविवार

दांडिया बाजारात अप्पांच्या ओट्यावर गणेश मंडळाची बैठक. यंदाचा देखावा लाइटशिपचा, हे एकदाचं ठरलं. पोरांना राममंदिर हवं होतं. ते या वर्षी गल्लोगल्ली असणार, हा मुद्दा शेवटी पटला. अप्पांची हरकत वेगळी होती. "समुद्र नसलेल्या गावात जहाज कशाला?" मी म्हटलं, अप्पा, ओखा बंदर कोणाचं होतं? बडोदे संस्थानाचं. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९२६ साली सुरू झालं. आणि कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तो देवमाशाचा सांगाडा आहे, तो महीच्या मुखाशी वाहून आलेल्या माशाचाच ना? अप्पा हसले, म्हणजे मंजूर.

फलकासाठी पहिला मजकूर इथेच लिहून ठेवतो. किनाऱ्यावर किंवा खडकावर दीपगृह बांधता येतं. पण किनाऱ्यापासून मैलोन् मैल दूर, सरकत्या वाळूच्या दांड्यावर मनोरा उभा राहत नाही. तिथे जहाजच नांगरून ठेवायचं आणि त्याच्या डोलकाठीवर दिवा लावायचा. जहाज म्हटलं की कुठून तरी कुठे तरी जाणं आलं. या जहाजाची सगळी नोकरी न हलण्याची. पहिली लाइटशिप १७३२ साली थेम्सच्या मुखाशी, नोर नावाच्या जागी उभी राहिली. रॉबर्ट हॅम्ब्लिन आणि डेव्हिड एव्हरी या दोघांचा तो खाजगी उद्योग होता. आडव्या काठीला टांगलेले दोन कंदील, एवढाच सरंजाम. आपल्याकडेही हुगळीच्या तोंडाशी सँडहेड्सला ब्रिटिश काळात अशा नौका नांगरलेल्या असत.

९ जून, रविवार

कोणती लाइटशिप करायची, याला फार वेळ लागला नाही. भाचा अमेरिकेत डेलावेअरला असतो. तिथल्या लुइस नावाच्या छोट्या गावात कालव्याच्या काठाला 'ओव्हरफॉल्स' उभी आहे. तिकीट काढून आत जाता येतं. त्याने सुट्टीच्या दिवशी जाऊन ढीगभर फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी धरलेली, कारण मी तसं बजावलं होतं.

तिचा अधिकृत क्रमांक एलव्ही-११८; एलव्ही म्हणजे लाइट व्हेसल, दिव्याची नौका. १९३८ साली मेन राज्यातल्या ईस्ट बूथबेच्या कारखान्यात बांधली. अमेरिकेच्या दीपगृह खात्याने बांधलेली ही शेवटची लाइटशिप. पुढच्याच वर्षी ते खातं तटरक्षक दलात विलीन झालं. लांबी ११४ फूट ९ इंच, रुंदी २६ फूट. फुटाला अर्धा इंच हे प्रमाण धरलं तर आपलं मॉडेल पावणेपाच फुटांच्या थोडं वर आणि १३ इंच रुंद. मंडपात बसतं, टेम्पोतही बसतं. बडोद्याच्या पोरांना खऱ्या जहाजाचा आकार कळावा म्हणून फलकावर लिहिणार: म्युझियममधला देवमासा दीड वेळा ठेवला की तेवढी ही नौका.

एक गंमत. ठाणं म्हणजे समुद्रात लाइटशिप नांगरायची ठरलेली जागा. या नौकेने ओव्हरफॉल्स या ठाण्यावर एक दिवसही काम केलेलं नाही. कॉर्नफील्ड पॉइंट, मग क्रॉस रिप, मग १९६२ ते ७२ बोस्टन. निवृत्तीनंतर १९७३ मध्ये लुइसच्या इतिहास मंडळाला मिळाली. त्यांच्या जवळच्या ठाण्याचं नाव ओव्हरफॉल्स, म्हणून त्यांनी ते तिच्या अंगावर रंगवलं. याबद्दल रंगकाम येईल तेव्हा.

१६ जून, रविवार

आज खरा वाद झाला. पोरांच्या डोक्यात निळं थर्माकोल, त्यावर लाल जहाज, वर फिरता दिवा, खाली धूर सोडणारं यंत्र. म्हणजे जहाज पाण्याच्या रेषेपाशी कापलेलं. अर्धं काम वाचतं, खर्चही. मला पूर्ण सांगाडा हवाय, कण्यापासून.

माझं म्हणणं असं. जुनी जहाजं वाचवणाऱ्यांची सगळी लढाई पाण्याखाली चालते. वरचा लाल रंग आणि पितळी दिवा कोणीही घासून चमकवतं, त्यासाठी देणगीही मिळते. पण तळाचा पत्रा किती उरलाय, हे पाहायला जहाज सुक्या गोदीत चढवावं लागतं, आणि तो खर्च ऐकला की भल्याभल्यांचे हात आखडतात. न्यू बेडफर्ड बंदरातली एलव्ही-११४ अशीच धक्क्याला बांधून ठेवली होती. २००६ मध्ये ती जागच्या जागी कलंडली आणि पुढच्या वर्षी भंगारात गेली. तिलाही रंग होताच.

खजिनदार म्हणाले, "साहेब, लोक दोन मिनिटं थांबतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात, जातात. तळ कोण बघतो?" बोलणं खोटं नाही. निर्णय झाला नाही. सेव-उसळ मात्र झाली.

२३ जून, रविवार

अप्पांचा मुलगा कामासाठी भावनगरला निघाला होता, त्याच्या गाडीतून अलंगला जाऊन आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोडलेल्या जहाजांतलं सामान विकणारी दुकानं. खुर्च्या, क्रॉकरी, लाइफ जॅकेटं, गाद्या, अख्खी स्वयंपाकघरं. बडोद्यातल्या कितीतरी घरांत अलंगचं कपाट असतं, तरी ते कुठून येतं याचा विचार कोणी करत नाही.

१९८३ पासून इथे जहाजं मोडतात. जागा निवडली खंभातच्या आखाताच्या भरतीमुळे. भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक. मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घुसवायचं. ओहोटी लागली की ते चिखलात कोरडं बसतं, आणि मग गॅस कटर. कुठल्याही जहाजाचा नेहमीचा शेवट हाच असतो. अमेरिकेत १८२० ते १९५२ या काळात १७९ लाइटशिप बांधल्या गेल्या. आज त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजता याव्यात त्याहून थोड्याच जास्त उरल्यात. बाकीच्या अशाच कापल्या गेल्या, काही बुडाल्या.

तिथून एक पितळी पोर्टहोल आणलं, जाड काचेचं, बिजागरीसकट. घासाघीस करून किंमत अर्ध्यावर आणली. ते हातात घेतल्यावर वाद मिटवायचा उपाय सुचला. मंडपात तीन फूट उंचीवर निळ्या ॲक्रिलिकचं 'पाणी' करायचं. त्यावर पोरांचं जहाज, धूर, दिवा, सगळं. ॲक्रिलिकला जहाजाच्या आकाराचं भोक पाडायचं आणि खालच्या बंद खोक्यात तळ, नांगर, साखळी. खोक्याच्या पुढच्या भिंतीत हे पोर्टहोल, लहान पोराच्या उंचीवर. मोठ्यांना वाकावं लागेल. वाकू देत.

७ जुलै, रविवार

उपाय सगळ्यांना पसंत. अकोट्याच्या वर्कशॉपमध्ये काम सुरू. १२ एमएम प्लायचा कणा, त्यावर ९ एमएमच्या फासळ्या, वरून ३ एमएम प्लायच्या पट्ट्या. लाइटशिपचं पोट मालवाहू जहाजासारखं चौकोनी नसतं. सतत लाटांवर बसायचं असल्यामुळे पुढचा भाग उंच आणि दोन्ही कुशींना डोलणं कमी करणाऱ्या लांब पट्ट्या. तरीही नांगराला बांधलेली नौका वाईट डोलते. चालतं जहाज लाट कापत जातं, हिला प्रत्येक लाट जागेवर झेलावी लागते. सुतारकाका म्हणाले, "म्हणजे नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत पाळण्यात." सुतारकाकांचं आजचं कामही असंच हसतखेळत, पाच फासळ्या बसल्या.

१४ जुलै, रविवार

फासळ्या संपल्या. बाकी पावसाने लाइट गेले.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा, वर्कशॉप बंद. घरी बसून फलकांचा मजकूर केला. वहिनी म्हणाल्या, "तारखा कमी कर, माणसं लिही." बरोबर आहे. दोन अपघात ठेवतोय.

पहिला अमेरिकेतल्या नँटकेटचा. १९२१ पासून लाइटशिपवर रेडिओ-बीकन बसू लागले. धुक्यात दिवा दिसत नाही, पण रेडिओचा संदेश येतो. त्या दिशेने जहाज धरलं की वाट चुकत नाही. अडचण अशी की सरळ त्या दिशेने गेलं तर जहाज लाइटशिपवरच येऊन आदळणार. कप्तानाने शेवटच्या टप्प्यात वळायचं, हे गृहीत. १५ मे १९३४ ला दाट धुक्यात 'ऑलिंपिक' हे ब्रिटिश प्रवासी जहाज, टायटॅनिकचं सख्खं भावंड, नँटकेटच्या एलव्ही-११७ ला मधोमध कापून गेलं. नौकेवर ११ माणसं होती, ७ गेली. ब्रिटनने भरपाई दिली आणि त्या पैशांतून १९३६ मध्ये एलव्ही-११२ बांधली. ती आजही बोस्टनला तरंगते आहे. २००९ मध्ये एका संग्रहालय संस्थेने ती १ डॉलरला घेतली. एका डॉलरला जहाज मिळतं, हे वाचून पोरं खूष झाली. पुढच्या दुरुस्तीला किती लागतात, ते मी त्यांना सांगितलं नाही. अजून वर्गणी गोळा व्हायची आहे.

दुसरा इंग्लंडचा, साउथ गुडविन. २७ नोव्हेंबर १९५४ च्या रात्री वादळात साखळ्या तुटल्या, नौका वाळूच्या दांड्यावर जाऊन आडवी झाली. नावेवरचे सातही खलाशी गेले. वाचला एकच, आणि तो खलाशी नव्हता. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी घ्यायला सरकारी खात्याकडून आलेला पाहुणा होता. त्याला हेलिकॉप्टरने उचललं. वहिनींनी हा मजकूर दोनदा वाचला आणि "हा ठेव" एवढंच म्हणाल्या.

तिसरी गोष्ट अपघाताची नाही. नँटकेटच्या नौकेवरचे लोक रिकाम्या वेळात वेताच्या टोपल्या विणत. त्या टोपल्यांना पुढे इतकं नाव झालं की नँटकेट बेटावर त्या अजून विणतात आणि भरमसाट किमतीला विकल्या जातात. खिडकीबाहेर महिनोन् महिने तेच पाणी पाहून माणूस वेडा होऊ नये म्हणून काहीतरी करणारच. प्रसाद यंदा वेताच्या टोपलीतून द्यायचा, हे वहिनींनी परस्पर ठरवलं.

४ ऑगस्ट, रविवार

नांगर. मला सगळ्यात जास्त उत्सुकता याची होती. नेहमीच्या नांगराला दोन फाळ असतात. ते एका दिशेने ओढल्यावर रुततात, पण ओढ फिरली की निसटू शकतात. लाइटशिप तर भरतीबरोबर आणि वाऱ्याबरोबर साखळीभोवती पूर्ण गोल फिरते. म्हणून तिला छत्रीसारखा, म्हणजे कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचा नांगर. कुठूनही ओढला तरी कड वाळूत आणखी खोल जाते. हा नांगर रॉबर्ट स्टीव्हन्सनने १८०७ च्या सुमारास स्कॉटलंडजवळच्या बेल रॉकच्या दीपगृहाचं काम चालू असताना काढला. तिथे बांधकाम होईपर्यंत दिवा म्हणून एक तरंगती नौका ठेवली होती, ती जागेवर राहावी यासाठी. विसाव्या शतकातल्या अमेरिकी नौकांना हे नांगर साधारण ३ टनांचे असत.

आपला नांगर प्रतापनगरच्या खरादीने पितळी गोळ्यावर लेथ लावून काढला. "साहेब, आ तो ढांकणुं छे," म्हणाला, म्हणजे हे तर झाकण आहे. दांडा बसवल्यावर मात्र त्याने स्वतःहून आतली कड पातळ केली, कारण वाळूत शिरायची म्हणजे धार हवी. साखळी सोनाराच्या ओळखीने मिळाली, पितळी, कड्या एकसारख्या.

११ ऑगस्ट, रविवार

दिवा आणि भोंगा पुतणीकडे. ती टेक्नॉलॉजी फॅकल्टीला आहे, म्हणजे १८९० च्या कलाभवनाचाच आजचा अवतार. अप्पांचे वडील कलाभवनात शिकलेले, त्यामुळे अप्पा तिला प्रत्येक वायर विचारून हैराण करत होते.

दिव्याचं भिंग: त्या काळच्या अमेरिकी लाइटशिपवर ३७५ मिलीमीटरची फ्रेनेल भिंगं सर्रास होती. फ्रेनेलने १८२२ च्या सुमारास काढलेली युक्ती म्हणजे जाड भिंगाचा मधला काचेचा भाग काढून टाकायचा आणि फक्त वाकडे पृष्ठभाग पायऱ्यांसारखे मांडायचे. वजन उतरतं, प्रकाश तेवढाच सरळ जातो. आपल्या प्रमाणात ते भिंग रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. पुतणीने वाचायला वापरतात त्या कार्डाएवढ्या प्लास्टिकच्या भिंगातून तुकडा कापून वाकवला, आत एलईडी. अंधारात चालतं.

पण तिची खरी करामत वेगळी. रेडिओचा संदेश आणि धुक्याचा भोंगा एकाच क्षणी सोडायची सोय या नौकांवर होती. रेडिओ तत्काळ पोहोचतो, आवाजाला वेळ लागतो. दोन्हींमधले सेकंद मोजायचे आणि साडेपाचाने भागायचे. आलेला आकडा म्हणजे नौका किती सागरी मैलांवर आहे ते. मंडपात एक कानाला लावायचा हेडफोन असेल. त्यात 'टिट्' वाजेल आणि काही सेकंदांनी स्पीकरमधून भोंगा. पोरांनी सेकंद मोजून भिंतीवरच्या नकाशावर आपलं जहाज कुठे आहे ते दाखवायचं. बटण दाबलं की अंतर बदलतं. अप्पांनी ११ सेकंद मोजून बरोबर २ मैल सांगितले आणि पुन्हा दाबू का, असं विचारलं.

भोंगा ढोल-ताशापुढे ऐकू येणार का, हा प्रश्न शिल्लक. रात्री उशिरा तो बंदच ठेवायचा, शेजारी तान्हं बाळ आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

रंग. पुट्टी, प्रायमर, वर लाल, पाण्याखाली तपकिरी तांबडा. दुपारी पेंटर अक्षरं काढायला आला आणि त्याने साधा प्रश्न विचारला: नाव काय लिहू?

लाइटशिपच्या कुशीवर भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत असतं ते ठाण्याचं नाव, नौकेचं नव्हे. नौका दुरुस्तीला गेली की जागी दुसरी येते, तिच्या अंगावर 'रिलीफ' लिहिलेलं. बदली झाली की जुनं नाव खरवडून नवं. एका नौकेने आयुष्यात चार-पाच नावं वापरलेली असतात. संग्रहालयात आल्यावर प्रश्न पडतो, यातलं कोणतं ठेवायचं? न्यूयॉर्कला १९०७ ची एलव्ही-८७ 'अँब्रोज' नावाने उभी आहे, कारण अँब्रोज जलमार्गावरची तिची कामगिरी सगळ्यात गाजलेली. पोर्ट ह्युरॉनला 'ह्युरॉन' काळ्या रंगात आहे, कारण ती जलमार्गाच्या काळ्या बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, बाजूला असे आणि तिच्या उमेदीतला रंगच काळा. ही निवड मला पटते. लुइसकरांची मात्र पटत नाही. ओव्हरफॉल्स ठाणं १९६० मध्ये बंद झालं, तेव्हा ही नौका मॅसॅच्युसेट्सला क्रॉस रिपवर होती. गावाने आपल्या आठवणीचं नाव परक्या नौकेच्या अंगावर चढवलं.

पुतणीचं मत उलटं. "काका, गावाने नाव दिलं म्हणून गावाने ती वाचवली. बोस्टन लिहिलं असतं तर बोस्टनवाल्यांनी डेलावेअरला येऊन पत्रे घासले असते का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उजव्या कुशीला ओव्हरफॉल्स, डाव्या कुशीला बोस्टन, असं सांगून पेंटरला मोकळं केलं. पैसे त्याने दोन जहाजांचे मागितले.

२५ ऑगस्ट, रविवार

पाऊस. उद्या जन्माष्टमी. काम फक्त साखळी बसवण्याचं. जहाज टेबलावर ठेवून, वर प्लास्टिक टाकून निघालो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

आज वर्कशॉप उघडता आलं. सोमवारपासून जे झालं ते सगळ्या बडोद्याने पाहिलं. आजवा धरणाचं पाणी, वरून पाऊस, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर. अकोटा, मुजमहुडा, समा, फत्तेगंज, सगळीकडे पाणी; रस्त्यात मगरी. दोन रात्री गच्चीवर काढलेल्या लोकांना देखाव्याचं विचारायला लाज वाटली. मंडळाच्या पोरांनी आधी खिचडीची पाकिटं वाटली, ते बरं केलं.

वर्कशॉपमध्ये भिंतीवर चिखलाची रेघ, टेबलाच्या वर. जहाज टेबलावर नव्हतं. पाण्याने उचललं, खोलीभर फिरवलं आणि ओसरताना खिडकीच्या जाळीत अडकवून ठेवलं. डोलकाठी मोडली. डेक तिरपा. नुकसान तसं थोडं, पण उजव्या कुशीला पाण्याच्या रेषेपाशी वीतभर पट्टा फुगलाय. तिथे प्रायमर पातळ होता. आतून हात लावला, ओल. पोटात कपभर पाणी साचलेलं, चिखल मिसळलेलं.

खऱ्या जहाजातही दुखतं ते याच दोन जागी. सगळ्यात वेगाने गंज धरतो तो कायम पाण्याखाली असलेल्या पत्र्याला नव्हे, तर रेषेपाशी, जिथे पत्रा आळीपाळीने ओला आणि सुका होतो. आणि दुसरा शत्रू आत असतो. डेकच्या फटीतून पावसाचं पाणी झिरपतं, तळाशी साठतं, बाहेरून रंग झकास आणि आतून पत्रा कागद. म्हणून तपासणारे हातोडीने ठोकत आवाज ऐकतात, आणि आता अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी जागोजागी मोजतात.

मूर्ती सुरक्षित आहे. चतुर्थी ७ तारखेला.

१ सप्टेंबर, रविवार

बैठक भर मंडपात, उभ्या उभ्या. देखावा साधा करायचा, उरलेली वर्गणी पूरग्रस्तांना. यावर दुमत नव्हतं. जहाज ठेवायचं की नाही यावर होतं. सुतारकाकांनी सांगितलं, फुगलेली प्लाय या हवेत वाळायला महिना हवा. कापून नवी बसवायची तर तीन फासळ्याही जाणार.

मग आम्ही डबलर लावला. खऱ्या गोदीतही हाच पर्याय असतो. योग्य काम म्हणजे सडलेला पत्रा कापायचा, आतल्या फासळ्या तपासायच्या, नवा पत्रा जोडायचा. पैसा किंवा वेळ नसेल तर जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग. तो डबलर. जहाज तरंगतं, विमा उतरतो, सगळे खूष. पण दोन पत्र्यांच्या मधे ओल कोंडते, आणि नवा पत्रा चांगला दिसतो म्हणून मागचा कोणी बघत नाही. जुन्या जहाजांच्या अंगावर असे डबलरवर डबलर सापडतात.

३ एमएम प्लायची पट्टी, एरल्डाइट, कडेला खिळे. खिळ्यांची डोकी मुद्दाम दिसू दिली. फलकावर वाक्य वाढवलं: उजव्या कुशीवरची पट्टी पुरानंतर चढवलेली तात्पुरती दुरुस्ती आहे. खजिनदार म्हणाले, "हे कशाला सांगायचं?" अप्पांनी उत्तर दिलं, "अरे, दिसतंयच ते. सांगितलं तर निदान दुरुस्ती वाटेल."

४ सप्टेंबर, बुधवार

डोलकाठी नवी. पुतणीचं सर्किट पुरात तिच्या घरी होतं, वाचलं. हेडफोन नवा घेतला.

७ सप्टेंबर, शनिवार

श्रींची प्रतिष्ठापना सकाळी. संध्याकाळी देखावा सुरू. भोंगा ढोलाच्या मधल्या खंडात व्यवस्थित ऐकू येतो.

११ सप्टेंबर, बुधवार

गर्दी कमी आहे यंदा, आणि ते बरंच आहे. लोक थांबतात. पोर्टहोलपाशी लहान पोरांची रांग लागते, त्यांच्यामागे बापलोक गुडघ्यावर. पोरं नांगर बघतात, बापलोक डबलर. त्यांच्या घरच्या भिंतींनाही ओल धरलीय, कोणता रंग, कोणतं वॉटरप्रूफिंग, भिंत पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टी मारायची की नाही, अशा चर्चा पोर्टहोलपाशी उभ्या राहून चालतात. काल एकांनी फलक शेवटपर्यंत वाचून विचारलं की लुइसवाल्यांनी काय केलं, डबलर की पूर्ण?

सांगितलं ते असं. ती नौका कित्येक वर्षं काठाच्या चिखलात रुतून बसली होती. गावातल्या निवृत्त मंडळींनी टोळी जमवली, तिचं नाव 'डर्टी हँड्स गँग'. ठरलेल्या दिवशी जमायचं, गंज खरवडायचा, रंगवायचं, जेवायचं, घरी जायचं. वरचं सगळं त्यांनी हातांनी केलं. तळ हातांनी होणारा नव्हता. २००८ मध्ये पैसे जमले, गाळ उपसून तिला बाहेर काढलं, ओढत व्हर्जिनियात नॉरफोकच्या गोदीत नेलं आणि पत्रे दुरुस्त करून परत आणलं. २०११ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आधी वरचं केलं, तेव्हा पैसे आले." हे मात्र माझ्या जूनमधल्या भाषणाच्या अगदी विरुद्ध जातं, आणि खरं आहे. लाल रंग नसता तर गोदीचा खर्च कोणी दिला नसता. खजिनदार शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

त्यांनाच मग न्यूयॉर्कच्या 'फ्राइंग पॅन'ची गोष्ट सांगितली. ही एलव्ही-११५ तीन वर्षं पाण्याखाली बुडून होती. वर काढली, तरंगती केली आणि आतला गंज तसाच ठेवला. आता हडसनच्या धक्क्याला आहे, लोक तिथे जेवायला येतात. रंगाचा खर्च वाचला, हे त्यांना आवडलं.

२२ सप्टेंबर, रविवार

विसर्जन होऊन मंडप उतरला. दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे देखाव्याचं लाकूड पुढच्या वर्षासाठी मोडायचं, पण जहाजाला हात लावायला पोरं तयार नाहीत. एका शाळेने मागितलंय. द्यायला हरकत नाही, मात्र डबलरसकट द्यायचं नाही, असं सुतारकाकांचं आणि माझं एकमत.

आज पट्टी उचकटली. मागची प्लाय काळी पडलीय, वास येतो, आणि ओल फासळीपर्यंत पोहोचलीय. तीनपैकी एक फासळी नखाने उकरली जाते, बाकी दोन ठणठणीत. म्हणजे एक फासळी आणि वीतभर पट्ट्या बदलायच्या. पितृपक्षात नवं काम सुरू करू नये म्हणतात, पण हे जुनंच आहे, असं अप्पांनी ठरवून दिलं. सुतारकाका पुढच्या रविवारी येतील. मरीन प्लाय घ्यायची, साधी नको. पेंटरला सांगायचं की उजव्या कुशीचं नाव पुन्हा काढावं लागेल. शाळा कोणतं नाव मागते, ते आधी विचारून.